शिवेवर बसलेली ठकूआत्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. सावरओढ्यात ज्याला विचाराल तो आपल्या आज्याच्या आज्याचं नाव सांगतो, आणि एकाचा आजा दुसऱ्याच्या आज्याशी जुळत नाही. पण एक गोष्ट सगळे एका तोंडानं सांगतात. तेव्हा गावात छप्पन्न उंबरे होते, प्रत्येक घरामागं परडं होतं, आणि त्यात सगळ्यांत हिरवंगार परडं ठकूआत्याचं होतं.

ठकूआत्या ही गावाची लेक. लग्न होऊन गेली, तीन वर्षांत कपाळ पुसून परत आली आणि भावाच्या घरी राहिली. भावाची मुलं आत्या म्हणायची, म्हणून शेजारची म्हणू लागली, आणि शेजारच्यांचं ऐकून सगळा गाव. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा माणूससुद्धा तिला आत्याच म्हणायचा. पुढं भाऊ गेला, भाचे पोटामागं घाट उतरून गेले, आणि दोन खणांचं घर नि मागचं परडं एवढंच आत्याला उरलं.

पण त्या एवढ्याशा जागेत तिनं काय काय केलं होतं! न्हाणीचं पाणी अळवाला जायचं, अळवातून ओघळलेलं केळीला. कुंपणावर घोसाळी, छपरावर दुधी. चुलीतली राख वांग्यांना, खुराड्यातलं खत मिरच्यांना, आणि वांग्यांवरची अळी पुन्हा कोंबड्यांना. वाया असं काही जायचंच नाही. असं म्हणतात, की तिच्या कोंबड्या वाफ्यात पाय घालत नसत. आत्यानं बोटानं मातीत रेघ ओढली, की रेघेच्या अलीकडंच उकरत. मला विचाराल तर आत्या वाफ्याभोवती बोरीच्या काट्या रोवायची. पण रेघेची गोष्ट ऐकायला बरी वाटते, म्हणून तुम्ही तीच धरा.

कोंबड्या बावीस. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीची खोड आत्याला पाठ. कुठली अंडं घालून बोंबलते, कुठली गुपचूप गवतात घालून येते, कुठली दुसरीच्या अंड्यावर जाऊन बसते. रात्री खुराड्याचं दार लावताना ती नावानं हाका मारून बघायची. माणसाला बोलायला कोणीतरी लागतंच. तिचा संसार म्हणाल तर तो हाच होता.

तर एका वर्षी, सुगी उरकून गेली होती आणि ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा वरकुशात मानमोडी आली. वरकुसं म्हणजे आमच्या वरच्या अंगाचं गाव, मध्ये फक्त एक ओढा. मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. कोंबडी सकाळी धडधाकट असते, दुपारी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसते, संध्याकाळी मान वाकडी करून गरगर फिरते, आणि दुसऱ्या दिवशी संपते. एक गेली की खुराडं जातं, खुराडं गेलं की आळी जाते. त्यावर औषध नव्हतं. होता तो फक्त गाडा.

गाड्याची रीत अशी. रोग आला की गावानं हातभर लांबीचा लाकडी गाडा करायचा. त्यावर देवीचा हिरवा खण, बांगड्या, एक लिंबू, पाच अंडी ठेवायची आणि एक जिवंत कोंबडी पायाला लाल दोरा बांधून बसवायची. मग वाजतगाजत तो गाडा शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत लोटून द्यायचा. हातानं लोटायचा नाही, लांब काठ्यांनी. गाड्याबरोबर रोग जातो अशी समजूत. पुढच्या गावानं तो दिवस मावळायच्या आत त्याच्या पुढच्या गावाच्या शिवेत न्यायचा. नाही नेला तर गाडा तिथंच मुक्काम करतो, आणि गाडा राहिला तिथं रोग राहतो. असं करत करत गाडा कुठपर्यंत जायचा ते देवीलाच ठाऊक. समुद्रापर्यंत जातो म्हणायचे, पण पोचलेला कुणी पाहिला नव्हता.

आणि एका दिवशी ओढ्यापलीकडून ढोल ऐकू आला. बायांनी भराभरा कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. बयाजी पाटील दहा-बारा गडी नि देवीचा भगत घेऊन ओढ्यावर धावला. वरकुशाची माणसं गाडा लोटून केव्हाच माघारी पळाली होती. पलीकडच्या काठावर, ऐन शिवेच्या दगडापाशी, तो इवलासा गाडा उभा होता आणि त्यावर उलट्या पिसांची एक कोंबडी बसली होती.

गड्यांनी ओढा ओलांडला, काठ्या पुढं केल्या. पाणकुशाकडं, म्हणजे खालच्या गावाकडं, शिवेशिवेनं जाणारी वाट होती. दिवस मावळायला अजून दोन घटका. काम सोपं होतं. एकानं गाड्याला काठी लावली मात्र, ती कोंबडी अशी काही फिस्कारली की गडी दोन पावलं मागं सरला.

"थांबा रं!" मागून आवाज आला.

ठकूआत्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ओढ्यातून येत होती. गाड्याजवळ आली, वाकली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. कोंबडीनं कडकडून टोच मारली. आत्याच्या हातातून रक्त आलं आणि आत्या हसली.

"बसलीय ही," ती म्हणाली.

"बसलीय ते दिसतंय की आमाला बी," पाटील म्हणाला.

"तसं न्हवं रं बाबा. अंड्यांवर बसलीय. खुडूक हाय ही. खाली बघ, पाचीच्या पाची अंडी पोटाखाली वढून घेतल्यात. आणि लिंबू बी घेतलंय."

खरंच तसं होतं. नैवेद्याची अंडी त्या वेडीनं आपली म्हणून पंखाखाली घेतली होती, आणि लिंबाला अंडं समजून तेही उबवायला घेतलं होतं. भीती होती तरी दोघातिघांना हसू फुटलं.

पण आता सगळेच पेचात पडले. कारण आमच्या भागात दुसरीही एक रीत आहे, आणि ती गाड्याच्या रीतीहून जुनी आहे असं म्हणतात. पंगतीत बसलेला माणूस, आचळाला लागलेलं वासरू आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी, या तिघांना उठवायचं नाही. उठवलं तर उठवणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही. त्या दगडधोंड्यांच्या वाटेनं गाडा पाणकुशापर्यंत नेला असता तर अंड्यांचा चुराडा झाला असता, आणि कोंबडी उचलून नेली असती तर ती उठवल्यासारखीच होती. गड्यांत दोघांची लग्नं नुकती झालेली. त्यांनी काठ्या हळूच खाली ठेवल्या.

भगतानं डोकं खाजवलं. "गाडा अडीवला तर अडीवणाऱ्यावर रोग येतो, आत्या."

"येऊ दे. मी काय कोंबडी हाय?"

"चेष्टा नको," पाटील चिडला. "दिवस मावळायला आला. बाजूला हो. गाडा पाणकुशात गेलाच पायजे."

"पाणकुशाच्या कोंबड्यांनी तुझं काय घोडं मारलंय, बयाजी?"

पाटलानं मावळतीकडं हात केला. मग आत्याच बोलली. नऊ वर्षांपूर्वी गाडा आला होता, तेव्हा रीतीप्रमाणे दिवसाउजेडी पुढं लोटला होता. तरी आठ दिवसांत तिच्या चौदा कोंबड्या तिच्या हातात माना टाकून गेल्या. तेव्हापासून तिच्या मनात एक सल होता, आणि तो तिनं कुणाला सांगितला नव्हता, कारण देवीच्या रीतीवर बोट ठेवणारी ती कोण? आज तो तोंडातून निघाला.

"गाडा फुडं जातो आणि रोग मागं ऱ्हातो. लोटणाऱ्यांच्या पायाला, काठीला लागून घरात येतो. मी बघितलंय. त्यो लोटून जाणारा न्हाई. त्याला एका जागी बसवून ठेवला, की त्यो जाग्यावरच मरंल."

"आन बसवणार कोण?"

"मी. हिची पिल्लं निघूस्तवर मी हितंच ऱ्हाती. एकवीस दिस. गावातलं कुणी इकडं येऊ नये, मी गावात येणार न्हाई. तुमी बी आता ओढ्यात पाय चोळून धुवा आन काठ्या हितंच जाळा."

बयाजी पाटील वाईट माणूस नव्हता. पण गावाचा भार त्याच्यावर होता आणि रीत मोडल्याचा दोषही त्याच्याच माथी येणार होता. तो म्हणाला, "ठीक हाय, आत्या. गाडा शिवेवर हाय. म्हंजे ना आपल्यात, ना दुसऱ्यात. पर गावासमोर बोलतो ते ऐक. ह्या एकवीस दिसांत आपल्या गावातली एक जरी कोंबडी मानमोडीनं मेली, तर तू पुन्हा ह्यो ओढा वलांडायचा न्हाई. घर सोडायचं, परडं सोडायचं."

आत्यानं ओढ्यापलीकडं बघितलं. छपरावरचा तिचा दुधी तिथून दिसत होता. तिला भीती वाटली नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. पण परड्याहूनही तिला धास्ती होती ती वेगळीच. आपला समज चुकला असला तर? आपल्याच हट्टापायी बावीसच्या बावीस गेल्या तर?

"कबूल," ती म्हणाली.

मग आत्या शिवेवर राहिली. करंजाच्या झाडाखाली तिनं फांद्यांचं खोपटं केलं, गाडा आत सावलीत घेतला, कोंबडीच्या पायाचा लाल दोरा तोडून टाकला. गावातल्या बाया रोज सकाळी ओढ्यातल्या एका मोठ्या दगडावर भाकरी-कोरड्यास ठेवायच्या आणि माघारी जायच्या. त्या गेल्या की आत्या येऊन घ्यायची. रिकामं भांडं म्हणून परत जायचं नाही. भाकरी पानात यायची. इकडून तिकडं काडी म्हणून जाऊ द्यायची नाही, असा आत्याचाच दंडक होता.

रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिच्या पदराच्या गाठीत नेहमी बी असायचं. तिनं काठावरची चार हात जमीन उकरली, मेथी टाकली, राजगिरा टाकला, खोपट्याच्या मेढीशी दुधीचं बी खोचलं आणि ओढ्याचं पाणी ओंजळीनं घातलं. असं म्हणतात, की दुधीचा वेल रात्रीत हातभर चढायचा, आणि आठव्या दिवशी त्यानं सगळं खोपटं झाकून टाकलं. उलट्या पिसांची कोंबडी दिवसातून एकदाच उतरायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि धावत परत यायची. तेवढ्या वेळात आत्या अंड्यांवर आपला तळवा धरायची. एकदा एक भला मोठा साप खोपट्याच्या दारात आला, आणि आत्या त्याला म्हणाली, "बाबा, इथं रोग हाय, तू बी लांब ऱ्हा," तर तो फणा खाली करून निघून गेला असं म्हणतात. सापाला काय कळलं ते साप जाणे. पण गावापेक्षा अक्कल त्याच्याकडं जास्त होती खरी.

इकडं गावात कोंबड्या डालग्याखाली कोंडलेल्या. आत्याच्या बावीस कोंबड्या कोणी बघायच्या? बयाजी पाटील म्हणाला, मीच बघतो. त्यात त्याचा हेतू असा, की रोग आलाच तर तो आत्याच्याच खुराड्यात आधी येणार, आणि तो आपल्याला आधी कळला पाहिजे. आता हा पाटील म्हणजे रस्सा ताटात आला तरच कोंबडी ओळखणारा माणूस. त्याच्या घरच्या कोंबड्या त्याची बायको सारजा बघायची. तो रोज दोनदा आत्याच्या परड्यात जायचा, दाणे फेकायचा आणि एकेकीच्या मानेकडं टक लावून बघायचा. कोंबड्याही त्याच्याकडं तशाच बघायच्या.

दिवसामागून दिवस गेले. वरकुशाकडून बातम्या येत होत्या त्या वाईटच. तिथं बांग द्यायला कोंबडा उरला नव्हता. सावरओढ्यातली बाई सकाळी उठली की आधी डालगं उचलून बघायची आणि मग देवापुढं हात जोडायची.

चौदावा दिवस उजाडला. पाटील आत्याच्या खुराड्याशी गेला आणि दारातच थबकला. कबरी नावाची कोंबडी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती. पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले. दाणे टाकले, ती हलेना. पाणी ठेवलं, बघेना. घशातून घुरघुर काहीतरी आवाज येत होता. पाटील तसाच ओरडत सुटला, आणि घटकाभरात सगळा गाव ओढ्याच्या काठावर गोळा झाला. कोणी रडत होतं, कोणी आत्याला बोलत होतं, भगत म्हणत होता मी सांगितलं नव्हतं का.

"आत्या!" पाटलानं पलीकडं हाक घातली. "घात झाला! कबरी गेली!"

आत्या खोपट्यातून बाहेर आली. तिनं करंजाच्या खोडाला हात टेकला. नऊ वर्षांपूर्वीच्या चौदा वाकड्या माना तिच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

"गेली?" तिनं विचारलं. "का हाय?"

"हाय, पर हलंना. दाणं खाईना. गोळा हून बसलीय."

"मान वाकडी केलीय?"

"अजून न्हाई."

"पाय लुळं पडल्यात?"

"उठंचना, तर पायाचं काय कळणार?"

आत्या काठापर्यंत पुढं आली. मग तिनं विचारलं, "बयाजी, तिच्या पोटाखाली हात घातलावतास?"

"घातला की. उचलून बघावं म्हणून घातला."

"मग?"

पाटलानं आपला उजवा हात वर केला. मनगटापर्यंत टोचे मारलेले, तीन ठिकाणी रक्त आलेलं. "मग काय, फाडून खाल्ला माझा हात!"

आत्या मटकन खाली बसली. गावाला वाटलं, बाईला झीट आली. पण तिचे खांदे हलत होते, आणि ती हसत होती का रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. तोवर अलीकडच्या काठावर सारजानं कपाळावर हात मारून घेतला होता.

"अहो, धनी! खुडूक झालीय ती! मरणारी कोंबडी कुनाला टोचती व्हय?"

"जा घरी," आत्या डोळे पुसत ओरडली, "आन तिच्याखाली अंडी ठेव. आता तुझ्या हातानं बसीव. बारा ठेव!"

गाव असा हसला म्हणतात, की ओढ्यातल्या बगळ्यांनी जागा सोडली. पाटील मात्र गुपचूप घरी गेला आणि त्यानं खरोखर आपल्या हातानं बारा अंडी कबरीखाली ठेवली. आणखी दोन टोचे खाल्ले, पण हू की चू केलं नाही. त्या दिवसापासून त्याला कोंबड्यांचा नाद लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही असं म्हणतात.

एकविसावा दिवस आला. गावातली एकही कोंबडी मेली नव्हती. पाणकुशाच्या कोंबड्याही मजेत होत्या, त्यांना तर आपल्यावरून काय टळलं ते कळलंही नाही. दिवस कलताना पाटील सगळ्या गावाला घेऊन ओढ्यावर आला. या वेळी ढोल आणला होता.

"आत्या, एकवीस झाले. जिंकलीस तू. चल घरी."

"आत्ता कसं येऊ?" आत्या म्हणाली. "ती अजून बसलीय."

अंडी फुटली नव्हती. लोकांनी ढोल खाली ठेवला. पहिल्या दिवशी गाड्यावर अंड्यांनी किती हिसके खाल्ले होते, किती उन्हात तापली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सारजानं हळूच सांगितलं, "आत्या, अंडी गार झाली असतील. नासली असतील. किती वाट बघशील?"

"ती बघतीय तवर," आत्या म्हणाली. "ती उठंना तर मी कशी उठू?"

गावाला घरी जाता आलं असतं. कोंबड्या वाचल्या होत्या, आत्याचं घर वाचलं होतं. पण कोणाचा पाय निघेना. एक बाई खाली बसली, तिच्या शेजारी दुसरी बसली, आणि बघता बघता छप्पन्न घरांची माणसं ओढ्याकाठी बसली. भाकऱ्या तिथंच आल्या, लेकरं तिथंच झोपली. बाविसावा दिवस उजाडला, ऊन वर आलं, तरी काही नाही. आत्यानं एक अंडं उचलून कानाशी धरलं, ठेवलं. दुसरं धरलं, ठेवलं. सगळा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. पाचवं अंडं तिनं कानाशी धरलं आणि ते तसंच धरून ती उभी राहिली.

"काय?" पाटलानं विचारलं.

आत्यानं ओठांवर बोट ठेवलं. गाव श्वास धरून बसला. आणि मग त्या सगळ्या शांततेत, ओढ्याच्या पाण्यावरून, एक बारीक टकटक ऐकू आली. आता कवचातली टकटक ओढ्यापलीकडं ऐकू येत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी ती आली. छप्पन्न घरांनी ऐकली. त्यातला एकही त्या दिवसानंतर कधी म्हणाला नाही, की मला ऐकू आली नव्हती.

उन्हं डोक्यावर येईतो पाचही पिल्लं बाहेर पडली. पाचांची एकवीस झाली असं काही जण सांगतात, पण मी पाचच सांगतो, कारण कोंबडी सहाव्यावर अजून बसलीच होती, आणि ते लिंबू होतं. आत्यानं ते समजूत घालून काढून घेतलं आणि तिथंच मातीत पुरलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. बयाजी पाटील सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. ज्या काळजीनं बावीस दिवस गावाच्या छातीवर पाय दिला होता ती उतरली, आणि लोकांना एकदम कडकडून भूक लागली. आत्यानं ओढ्यात डोक्यावरून आंघोळ केली, सारजानं आणलेलं नवं लुगडं नेसली आणि अंगावरचं जुनं तिथंच जाळलं.

पण गाव सोडून ती भलतीकडंच बघत होती. वरकुशाकडं.

"त्यांच्याकडं आता बांग बी न्हाई," ती म्हणाली. "आणखी एक महिना जाऊ दे, त्यांची खुराडी उन्हात तापू दे, राख फिरवू दे. मग गाडा काढायचा."

"कुठं?" भगतानं घाबरून विचारलं.

"जिथनं आला तिथं."

महिन्यानं सावरओढ्यातून गाडा निघाला. इतिहासात पहिल्यांदा तो उलट्या वाटेनं चालला होता, आणि काठ्यांनी नव्हे, तर आत्या त्याला पोटच्या पोराला चालायला शिकवावं तशी हातानं धरून नेत होती. गाड्यावर उलट्या पिसांची कोंबडी आणि तिची पाच पिल्लं. मागं डोक्यावर डालगी घेतलेल्या छप्पन्न घरच्या बाया. प्रत्येकीच्या डालग्यात एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, आणि पदराला बियांची गाठ. कबरीची बारापैकी अकरा पिल्लं स्वतः पाटलानं घेतली होती, आणि बाराव्याचं काय झालं म्हणून विचारलं की तो चिडायचा.

वरकुशाच्या शिवेवर म्हातारा लखमा गुरं राखत होता. गाडा परत येताना बघून त्यानं बोंब ठोकली. सगळं गाव काठ्या, दगड, कुऱ्हाडी घेऊन धावलं. लोटलेला रोग परत आणणारी ही कसली अवदसा!

"मागं फिर!" लखमा ओरडला. "मागं फिर, बाई! आमचं काय उरलंय आता न्यायला?"

आत्या थांबली. ती थांबली म्हणून गाडा थांबला, आणि गाडा थांबला म्हणून पिल्लं घाबरून ओरडायला लागली. चिवचिव, चिवचिव. दीड महिना ज्या गावानं कोंबडीचा शब्द ऐकला नव्हता, त्या गावाच्या कानात ती चिवचिव गेली. लखमाच्या हातातला दगड गळून पडला.

"जित्ती हायत?" त्यानं विचारलं.

"जित्ती हायत, दादा," आत्या म्हणाली. "तुमचीच हायत. घेऊन आले."

पुढं ठकूआत्या पुष्कळ वर्षं जगली. शंभर म्हणतात, एकशे एकवीस म्हणतात. तिच्यानंतर कोणी कधी गाडा पुढं लोटला नाही. रोग आला तर ज्याच्या दारी आला त्यानं दाराला करंजाची डहाळी बांधून एकवीस दिवस आत राहायचं, आणि शेजाऱ्यांनी त्याच्या भाकरीची काळजी करायची, असं ठरलं. आता लस आली आहे, जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर येतात, आणि आत्याचंच बरोबर होतं असं सांगतात, जसं काही आम्हाला ते ठाऊक नव्हतं. तरीही सावरओढ्यात आजही बाई कोंबडी अंड्यांवर बसवते, तेव्हा एका अंड्यावर कोळशानं रेघ ओढते. ते अंडं वरकुशाचं. त्यातून निघेल ते पिल्लू आपलं नाही. ते मोठं करायचं आणि वरकुशात ज्याच्या घरचं खुराडं रिकामं झालं असेल त्याच्या दारात सोडून यायचं. वरकुसंही आमच्या नावाची रेघ ओढतं.

आणि एकविसाव्या दिवशी अंडं फुटलं नाही, तर ते आमच्याकडं कोणी फेकत नाही. "आत्या बसलीय अजून," असं म्हणतात आणि आणखी एक दिवस थांबतात. हे आता कोंबड्यांपुरतं राहिलेलं नाही. कुणाच्या सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेलेलं असतं, बंद दारामागून कितीतरी वेळ काही कळत नसतं, आणि नर्स येऊन सांगते की एवढ्या माणसांनी इथं बसू नका, घरी जा, वेळ लागेल. तेव्हा आमच्यातली एखादी म्हातारी भुईवर पदर पसरून म्हणते, "आत्या बसलीय अजून." नर्सला त्यातलं काही कळत नाही. पण सावरओढ्याचा एकही माणूस तिथून उठत नाही.